एकचक्रानगरी ते लाँचर : यादी उरते, खेळ उरतो का?

१/ वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी स्थानिक परंपरा आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव येथे राहिले आणि भीमाने बकासुराचा वध येथेच केला, असे ती सांगते. त्याच पांडवांनी पुढे हस्तिनापुरात फाशांच्या खेळात राज्य गमावले.

२/ त्या द्यूतातला प्रत्येक पण आणि प्रत्येक हार महाभारतात नोंदलेली आहे. मात्र तो डाव नेमका कसा खेळत, दान कसे मोजत, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. भारतीय वाङ्मयातला सर्वांत प्रसिद्ध डाव ठाऊक आहे; त्याचे नियम मात्र हरवले आहेत.

३/ खेळ एकत्र नोंदवून ठेवण्याची गरज जुन्यांनाही जाणवली होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (इ.स. ११२९) या संस्कृत ग्रंथाचा शेवटचा भाग क्रीडांना वाहिलेला आहे. झोपाळा, जलक्रीडा, कोडी, चतुरंग, फासे, कवड्या असे वीस प्रकार त्यात आहेत.

४/ पुढे १८७१ मध्ये औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी 'क्रीडाकौशल्य' रचले. बुद्धिबळ आणि त्याच्या जातीचे पटावरचे खेळ त्यांनी नियमांसह एकत्र आणले. मांडणी आणि चाली लिहिलेल्या असल्या की पट जमिनीवर आखून खेळ पुन्हा सुरू करता येतो.

५/ व्हिडिओ गेमचे तसे नाही. त्याचे नियम यंत्राच्या चिपमध्ये कोरलेले असतात. यंत्र बिघडले की खेळही मुका होतो. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील खेळ संगणकावर चालवणारे प्रोग्रॅम नव्वदच्या दशकात आले, पण एकेका यंत्रासाठी वेगवेगळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ते एका छत्राखाली आणले आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये 'मेम' प्रसिद्ध झाला. जतन हे त्याचे घोषित ध्येय ठरले.

६/ मग दुकानेच संगणकात शिरली. सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम, २००८ मध्ये गॉग, डिसेंबर २०१८ मध्ये एपिकचे स्टोअर. प्रत्येकाचे खाते निराळे, पासवर्ड निराळा. एकाच खेळाडूचा संग्रह चार घरांत विखुरला. एकच खेळ दोनदा विकत घेतल्याचे नंतर ध्यानात येऊ लागले.

७/ यावर तोडगा म्हणजे सर्वसमावेशक लाँचर. प्लेनाइट, गॉग गॅलेक्सी २.० ही त्याची उदाहरणे. लाँचर प्रत्येक खात्यातून खेळांची नावे, मुखपृष्ठे, खेळलेले तास गोळा करतो आणि एका फडताळात मांडतो. प्रकार, वर्ष, 'अर्धवट', 'पूर्ण' अशा खुणांनी ते लावता येते. मात्र 'खेळा' ही कळ दाबली की बहुतेक वेळा तो मूळ दुकानाचाच प्रोग्रॅम उघडतो. म्हणजे लाँचर हा ग्रंथालयातला सूचिपत्रक आहे. पुस्तके दुसऱ्याच्या कुलपात आहेत.

८/ त्या कुलपाचा अर्थ ३१ मार्च २०२४ रोजी उमगला. युबिसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ च्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्याने पैसे मोजलेल्यांचा खेळ एका दिवसात निकामी झाला. लाँचरमध्ये नाव व मुखपृष्ठ राहू शकले. शर्यत मात्र संपली.

९/ अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले, की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून दुकानांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले, की ग्राहक खेळ नव्हे, वापराचा परवाना विकत घेतो. गॉगसारखी दुकाने स्वतंत्र इन्स्टॉलर देतात. तो आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येतो.

१०/ म्हणून नीटनेटके फडताळ ही जतनाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. काय आहे हे यादी सांगते. ते उद्या खेळता येईल की नाही, हे नियम किंवा प्रोग्रॅमची प्रत कोणाच्या हाती आहे यावर ठरते. हरिकृष्णांनी नियम लिहून ठेवले, म्हणून त्यांचे पट पुन्हा मांडता येतात. हस्तिनापुरातल्या डावाची केवळ कथा उरली.