पोस्त
पोस्त (स्त्री.) : दिवाळी, शिमगा अशा सणांना गडीमाणसांना द्यायची रक्कम. टिप किंवा बक्षिसी ही तिची जवळची नातलग. फरक एवढाच की बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, पोस्त मागता येते. ती मागण्यात मागणाऱ्याला संकोच वाटत नाही. बलुत्यावर चाललेल्या गावगाड्याची ही खूण मानायला हरकत नाही.

दहिसर चेकनाक्याला लागून असलेल्या मिरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या वस्तीत पोस्त आणि बोनस हे दोन्ही व्यवहार शेजारीशेजारी चालतात. दिवाळीत वॉचमन, कचरा नेणारे, पेपरवाला दारात येतात ते पोस्तीसाठी. (पोस्टमनची पोस्त पत्रांबरोबरच आटली.) घरकामाच्या मावशींना द्यायच्या पैशांना मात्र ‘बोनस’च म्हणायचे, आणि तो बहुधा एका महिन्याचा पगार असतो. हा शब्द गिरणी-कारखान्यांतून घरात आला. १९६५च्या बोनस कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, ठरवला. घरकामाला तो कायदा लागू नव्हता, तरी हिशेब तोच रुजला.

ठाणे-रायगडकडच्या आगरी-कोळी गावांत शिमग्याला रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवतात, तीही पोस्तच. ती वर्गणीच्या जास्त जवळची. तमाशातली दौलतजादा याच घराण्यातली, पण तिथे देणाऱ्याचा तोराच मोठा.

हॉटेलात बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेच्या बशीत उरलेली मोड ठेवतात. टक्केवारीचा हिशेब सहसा कोणी करत नाही. बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली. अमेरिकेत याच्या उलट : टिप घेणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान रोख वेतन १९९१पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेले, त्यामुळे तिथे १५-२० टक्के टिप म्हणजे गिऱ्हाइकाने भरलेला पगारच. जपानमध्ये टिप देऊ केली तर बहुधा नम्रपणे परत मिळते.

रिक्षावाल्याला टिप द्यायची रीत इकडे नाही. मात्र मुंबई महानगर प्रदेशात फेब्रुवारी २०२५पासून किमान भाडे २६ रुपये आहे, आणि तीस दिल्यावर वरचे चार ‘सुट्टे नाहीत’ म्हणून पुष्कळदा तिथेच राहतात.