बाळ सारखं आजारी पडत असेल तर रक्तही तपासा

आपल्या घरांत तान्हं बाळ सारखं आजारी पडलं की नजर लागली म्हणतो, दम करून आणतो. दुआ जरूर करावी, पण रक्तही तपासून घ्यावं. काही बाळांत जंतूंशी लढणाऱ्या पेशी जन्मतःच नसतात किंवा कामाच्या नसतात. यातला सर्वांत गंभीर प्रकार 'स्किड'. वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात बुरशी, वजन न वाढणं ही लक्षणं. उपचार झाले नाहीत तर बाळ बहुधा एक-दोन वर्षांतच दगावतं.

आई-वडील दोघांकडे एकच सदोष जनुक असेल तर दर गरोदरपणात धोका 25 टक्के. चुलत-मामे भावंडांच्या निकाहात ही शक्यता वाढते. नात्याबाहेरही हा आजार होतो. सुनेला बोल लावणं तर साफ चूक.

आधी एखादं बाळ असं गेलं असेल तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. जन्मल्यावर देतात ती बीसीजी लस जिवंत जंतूंची असते, स्किडच्या बाळाला ती घातक ठरू शकते. बाकीच्या बाळांना मात्र ती द्यायलाच हवी. साध्या सीबीसीत लिम्फोसाइट फार कमी दिसल्या तर थांबू नका. पुढच्या तपासण्या परळला केईएमच्या आवारात, आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत होतात. इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा, आणि तो पहिल्या काही महिन्यांतच, मोठा संसर्ग होण्याआधी झाला तर बाळ वाचण्याची आशा खूप जास्त.