परळच्या देवळातील लष्करी गव्हर्नर

हिंदमाताहून परळकडे वळले की आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू लागते. पोर्तुगीज अमदानीत येथे येशूसंघीयांचे देऊळ व मठ होता, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक असेल? अठराव्या शतकात इंग्रजांनी ती जागा घेतली आणि पुढे तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. जेथे मिस्सा होत असे तेथे मेजवान्या झडू लागल्या.

या वास्तूचा धनी म्हणून १८२७ च्या नोव्हेंबरात आला सर जॉन माल्कम. स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या सतरा मुलांपैकी हा एक. वयाच्या चौदाव्या वर्षी, १७८३ मध्ये, कंपनीच्या फौजेत भरती होऊन तो मद्रासला उतरला. फारसी शिकला, इराणच्या दरबारी वकील म्हणून गेला. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा मोड झाला तेव्हा तो आघाडीवर होता, आणि पुढच्याच जूनमध्ये दुसरा बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला. माल्कमने सालीना आठ लाखांचे वचन दिले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ते डोईजड वाटले, पण वचन पाळावे लागले. बाजीराव तर १८५१ पर्यंत जगला!

दिल्या शब्दाचा हा शिपाईगडी न्यायासनाशी मात्र भिडला. मोरो रघुनाथ या पुण्याच्या अल्पवयीन मुलाला पालकाच्या ताब्यातून कोर्टापुढे आणावे, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये काढला. कोर्टाचा अधिकार पुण्यापर्यंत पोहोचत नाही, असे म्हणून सरकारने तो जुमानला नाही. सहकारी दोन्ही न्यायमूर्ती त्याच वर्षी वारले होते; एकटे उरलेले ग्रँट संतापले आणि १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कोर्टच बंद केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अखेर सरकारच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या अक्षराने माल्कम बरोबर ठरला असेल. पण फौजेत हुकूम वरून खाली येतो, उलट प्रश्न विचारावयाचा नसतो, ही सवय त्याच्या राज्यकारभारातही उतरली होती असे आम्हांस वाटते. या साऱ्या वादात त्या मुलाचे काय, हे विचारणारा एक ग्रँटच होता, आणि तोच हरला.

बोरघाटाचा गाडीरस्ता आणि महाबळेश्वरची वसाहत ही माल्कमची कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. १८३० च्या अखेरीस तो मायदेशी परतला, १८३३ मध्ये वारला. शिल्पकार चँट्री याने घडविलेला त्याचा पुतळा टाउन हॉलमध्ये उभा आहे. परळच्या वास्तूतून गव्हर्नरही पुढे मलबार पॉइंटला गेले, आणि १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली. देवळात मिस्सा मात्र पुन्हा झाली नाही.