सामुदायिक रेडिओ आणि युवकांच्या पुढाकारातून वस्तीविकास : अहमदपूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

सामुदायिक रेडिओचा इतिहास सांगताना त्याचा आरंभ बहुधा सन २००६ च्या केंद्र शासनाच्या धोरणापासून केला जातो. ही मांडणी अपुरी आहे. रेडिओ संच, त्याभोवती जमलेला गट आणि त्या गटाने गावासाठी घेतलेला निर्णय या तिन्हींची सांगड महाराष्ट्रात त्यापूर्वी बरोबर पन्नास वर्षे घातली गेली होती. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने हा पूर्वेतिहास अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण त्या प्रयोगात हा परिसर नव्हताच.

पुणे येथील प्रयोग (१९५६)

कॅनडामध्ये १९४१ पासून चाललेल्या शेतकरी श्रवणमंडळांच्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हा उपक्रम राबविला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तत्कालीन पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रवणमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे सूत्र होते. मंडळाचे सदस्य एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका पुण्यास कळवीत. त्यांची उत्तरे पुढील प्रसारणात दिली जात.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यांनी श्रवणमंडळाची गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळाच्या गावांतील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. मात्र केवळ रेडिओ असलेल्या गावांत तो बदल किरकोळ होता. म्हणजेच परिणाम साधला तो यंत्राने नव्हे, तर यंत्राभोवतीच्या बैठकीने. विहिरी खोदणे, जातिवंत वळू आणणे, बालवाड्या सुरू करणे असे निर्णय या बैठकांतून झाले. काही ठिकाणी ही मंडळे निवडून आलेल्या ग्रामपंचायतीपेक्षाही वेगाने कामे पुढे नेऊ लागली, ही नोंद विशेष उल्लेखनीय आहे. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु पुण्यात लाभलेले बारकाईचे लक्ष सर्वत्र पुरविणे शक्य झाले नाही.

अहमदपूरची स्थिती

या काळात अहमदपूर तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. निजामकालीन डेक्कन रेडिओ १ एप्रिल १९५० रोजी केंद्र शासनाकडे आला, तरी त्याची घडण प्रामुख्याने उर्दूची होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि अहमदपूर उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. तोवर पुण्याचा प्रयोग संपून सहा महिने लोटले होते. ऑगस्ट १९८२ पासून हा तालुका लातूर जिल्ह्यात आहे.

परवान्याचा प्रश्न

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्राची मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' हे केंद्र दुष्काळी माण तालुक्याच्या बोलीत बोलू लागले.

अहमदपूरला अधिक जवळचे उदाहरण मात्र बीदरपलीकडील जहीराबाद भागातील आहे. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९८ च्या सुमारास ध्वनिमुद्रणाची साधने मिळविली. परवाना नव्हता, म्हणून सुमारे दहा वर्षे त्यांनी कार्यक्रम मुद्रित करून ध्वनिफिती गावोगावच्या बैठकांत ऐकविल्या. 'संगम रेडिओ' १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रत्यक्ष प्रसारित होऊ लागला आणि त्याचे उद्घाटन न्या. सावंत यांच्याच हस्ते झाले. परवाना येण्यापूर्वीच तेथे श्रोता आणि वक्ता दोन्ही तयार होते.

युवकांचे स्थान

धोरणानुसार परवाना व्यक्तीला अथवा नोंदणी नसलेल्या गल्लीतील तरुण मंडळाला मिळत नाही. तो महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा किमान तीन वर्षे नोंदणीकृत संस्थेला मिळतो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयाची जबाबदारी वाढते. राष्ट्रीय सेवा योजना आणि आकाशवाणीची 'युववाणी' या दोहोंचा आरंभ १९६९ चा; पण एकीकडे श्रमदान आणि दुसरीकडे भाषण अशी त्यांची विभागणी झाली, ती पुढे क्वचितच जुळली. सात दिवसांच्या विशेष शिबिरात तरुणांनी वस्तीतील पाणी, नाल्या व रस्ते यांविषयी रहिवाशांचे म्हणणे मुद्रित करून रात्रीच्या सभेत ऐकविणे यासाठी परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. बालाघाटाच्या चढउतारात शंभर वॅटच्या लहरी एरवीही सर्व वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचतील असे नाही. तांड्यावरील गोरमाटी आणि शहरातील दखनी यांना आवाज मिळणे ही बाबही याच मार्गाने लवकर साधेल.

केंद्र उभे राहिले तरी एक अडचण उरते. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. पाणीपुरवठा, वीज, आरोग्यविषयक सूचना मात्र देता येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रसंगी नळाला पाणी केव्हा येईल हे केंद्राला सांगता येते. ते का आले नाही, हे विचारू लागताच बातमीची सीमा जवळ येते. १९५६ च्या श्रवणमंडळांना असा प्रश्न पत्राने पुण्यास पाठविता येत असे, आणि पुढील प्रसारणात त्याचे उत्तर मिळत असे.