‘तुंबाड’च्या आजीचं कूळ

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं (२०१८) कूळ शोधायला गेलं की एक आक्षेप ठरलेला असतो: हे भय उसनं आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चं, बीज नारायण धारपांच्या ‘आजी’चं, आणि धारपांची आजी मुळात स्टीफन किंगच्या १९८४ च्या ‘ग्रामा’ या कथेतली. हे सगळं खरं आहे. पण किंगकडून आलं ते एवढंच, की घरात एकटा मुलगा आणि आतल्या खोलीत भयंकर आजी. तिथे नातवाकडे येते ती चेटूकविद्या. ‘तुंबाड’मधली आजी सांगते तो मिळकतीचा ठावठिकाणा, आणि हे वळण अस्सल कोकणातलं आहे. इथे खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा हक्क, वंशपरंपरेने चालत आली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली ती मोडण्याचं विधेयक मांडलं, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. चित्रपट १९१८ ते १९४७ या काळात घडतो, आणि त्याचा नायक विनायक हा वाड्याच्या ‘सरकार’चा अनौरस मुलगा आहे. हक्क नसलेला वारस सोन्यासाठी किती खोल उतरेल, एवढाच इथे प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, जमिनीखालचं हे भय तरी पाश्चात्त्य तळघरांचं आहे. त्याने अंबरनाथचं शिवमंदिर पाहावं. शके ९८२, म्हणजे १०६० सालच्या शिलाहारांच्या त्या देवळात गाभारा सभामंडपाच्या खाली आहे. पायऱ्या उतराव्या तेव्हा पिंडी दिसते. चित्रपट तिथून निघाला असं मला म्हणायचं नाही. पण गर्भात उतरून दैवत गाठण्याची सवय आपल्या पायांना जुनी आहे. ‘तुंबाड’ने त्या गर्भात हस्तर हा सोन्या-धान्याचा लोभी शापित देव बसवला.

खरा वारसा मात्र सोन्याच्याही पलीकडचा आहे. विनायक गुपित काढून घेऊन आजीला जाळतो, सावकाराचा काटा काढतो आणि पोटच्या पोराला, पांडुरंगला, विहिरीत उतरवून शिकवतो: पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, हस्तरच्या लंगोटातल्या मोहरा. बाप मुलाला धंदा शिकवतो तितक्याच मायेने हे चालतं, आणि मला सर्वांत भीती त्या मायेची वाटते. शेवटी शापित बाप लंगोट पुढे करतो आणि पांडुरंग तो नाकारतो. अनेकांना ही सुटका वाटते. मला ते अर्धंच पटतं, कारण सोनं नाकारून तो लगेच बापाला पेटवतो, बापाने आजीला पेटवलं होतं तसंच.