सागवान, पितळ आणि बुरशी : उष्ण प्रदेशात कॅमेरे का बिघडत?

जुन्या कॅमेऱ्यांच्या लिलावात एक प्रकार हमखास लक्ष वेधून घेतो. सोनेरी-तपकिरी सागवानी पेटी, कोपऱ्याकोपऱ्यांवर पितळी पट्ट्या, घडीचा चामडी भाता. विलायती कारखानदार या प्रकाराला 'ट्रॉपिकल' म्हणत. आज ते पितळ केवळ शोभेचे वाटते. प्रत्यक्षात त्यातील प्रत्येक पट्टी म्हणजे एका बिघाडाची नोंद आहे. हा धागा त्या बिघाडांचा आणि त्यांवर शोधलेल्या उपायांचा.

एकोणिसाव्या शतकातील सर्वसाधारण इंग्रजी कॅमेरा महोगनी लाकडाचा असे आणि त्याचे सांधे सरसाने जोडलेले असत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. लंडनच्या हवेत तो वर्षानुवर्षे टिके. दमट उष्म्यात मात्र मऊ पडे आणि सांधे सुटू लागत. पावसाळ्यात लाकूड फुगे, मग काच ठेवण्याची चौकट खाचेत अडकून बसे. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसे आणि फटी पडत. कॅमेऱ्याच्या पेटीचे मुख्य काम एकच : भिंगाखेरीज इतर कोठूनही प्रकाश आत येऊ न देणे. केसाएवढी फट त्या कामाला पुरेशी घातक ठरे. निगेटिव्हवर काळा ओरखडा उमटे आणि कागदावरील चित्रात पांढरा धुरकट पट्टा.

भात्याचे दुखणे निराळे. घड्यांच्या टोकांशी चामडे झिजे, त्यात कसर आणि झुरळे यांची भर पडे. हा दोष शोधण्याची रीत मोठी सोपी होती आणि आजही ती बदललेली नाही. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरायचा. जेथे जेथे भोक असेल तेथे तेथे चांदणी चमकते. मग त्या जागी आतून काळ्या कापडाचे बारीक ठिगळ चिकटवायचे.

'ट्रॉपिकल' कॅमेरा म्हणजे या सगळ्या तक्रारींना कारखान्यातूनच दिलेले उत्तर. सरसावर भरवसा नको म्हणून सांध्यांना पितळी स्क्रू आणि पट्ट्या. महोगनीऐवजी तेलकट, पाण्याला आणि वाळवीला दाद न देणारे सागवान. भात्याला अनेकदा 'रशियन लेदर', कारण बर्चच्या तेलात कमावलेल्या त्या चामड्याच्या वासाने किडे दूर राहतात असा समज होता. सागवानाचा हा गुण कॅमेरेवाल्यांनी शोधला असे मात्र नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी युद्धनौका बांधल्या जात होत्या. १८१७ साली तेथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर उभी आहे. जहाजबांधणीतले हे ज्ञान कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंत यायला एवढा काळ जावा, हे थोडे नवलाचेच.

पेटी दुरुस्त झाली तरी खरी कसोटी काचेवरच्या रसायनांची होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत सर्वत्र पसरत होती. ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेले कोलोडियन काचेवर ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन लगेच विकसित करायची. काच वाळली की सारा खटाटोप वाया.

ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. वैशाखातील दख्खनमध्ये, तेही काळ्या कापडाच्या बंद तंबूत, याचा अर्थ काय होत असेल? कोलोडियन काचेवर सारखे पसरण्याआधीच घट्ट होई, कडा वाळत, डाग पडत. उडणारी धूळ त्यावर चिकटून बसे. उपायही तसेच घरगुती : ईथर कमी करून अल्कोहोल वाढवायचे, काचेच्या चौकटीत मागे ओला टिपकागद ठेवायचा, पहाटे काम उरकायचे.

यांतला सर्वांत सुंदर उपाय सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणासाठी होता. वारंवार वापरून त्यात सेंद्रिय मळ साचे आणि प्रत्येक काच धुरकट निघू लागे. अशा वेळी ते द्रावण काचेच्या बाटलीत भरून उन्हात ठेवत. मळ चांदीबरोबर काळा होऊन तळाशी बसे. वरचे द्रावण गाळून घेतले की पुन्हा वापरण्याजोगे होई. तंबूत ज्या उन्हाने काम बिघडवले, त्याच उन्हाकडून बाहेर दुरुस्ती करून घेतली जाई.

काही दोष हवामानाचे नव्हते, द्रव्याचेच होते. त्या काळचे निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असे, त्यामुळे आकाश सपाट पांढरे येई. ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर १८५५ साली ब्रह्मदेशात गेलेल्या लिनियस ट्राइप याने कागदी निगेटिव्ह वापरले आणि आकाशाचा हा दोष रंगाने, हाताने दुरुस्त केला. त्याच्या काही छायाचित्रांतील ढग कुंचल्याने काढलेले आहेत. इमारतींची नोंद म्हणून ही चित्रे अनमोल आहेत; त्या दिवशीच्या हवेचा पुरावा म्हणून मात्र कोणी ती पुढे करू नयेत.

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढल्या दशकभरात तयार काचा बाजारात आल्या. तंबू सुटला, ईथर सुटले. पण जिलेटिन हा सरसाचाच शुद्ध भाऊ! तिशीपलीकडच्या तापमानाच्या पाण्यात ते फुगे, कडांपासून सुटून झालरीसारखे लोंबे आणि कधी कधी चित्रासकट काचेवरून घसरून जाई. तुरटीच्या पाण्यात बुडवून ते कडक करणे, मिळेल तेथे बर्फ वापरणे, नाहीतर पाणी निवल्यावर रात्री काम करणे, एवढेच हाती होते. जुन्या काचेच्या कडेला सुरकुतलेली पट्टी दिसली, तर तिच्यात बहुधा एखाद्या उन्हाळ्याची खूण असते.

सर्वांत चिवट शत्रू राहिला भिंगातला. भिंगाचे दोन तुकडे जोडायला कॅनडा बाल्सम नावाची राळ वापरत. उष्णतेने ती मऊ पडे आणि भिंगाच्या कडेने इंद्रधनुषी कडी दिसू लागे. ते तुकडे सोडवून पुन्हा जोडता येत. बुरशीचे तसे नाही. काच हे बुरशीचे अन्न नव्हे. धूळ, वंगण, बोटांचे तेल एवढ्यावर तिचे भागते. पण वाढताना ती आम्ले सोडते आणि ती आम्ले काच कोरतात. वेळेत पुसली तर भिंग वाचते; उशीर झाला तर बुरशी निघते आणि तिचा कोळिष्टकासारखा ठसा काचेवर कायम उरतो.

हा प्रश्न गंभीरपणे घेतला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. न्यू गिनीच्या जंगलात दोस्त सैन्याच्या दुर्बिणी, कॅमेरे आणि नेम धरण्याची उपकरणे बुरशीने आंधळी होऊ लागली. दुर्बीण धूसर होणे म्हणजे समोरचा शत्रू न दिसणे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातील टर्नर, एथेल मॅक्लेनन, रॉजर्स आणि मॅथाई या अभ्यासकांनी यावर काम केले. पारा असलेले एक बुरशीनाशक अत्यल्प प्रमाणात उपकरणाच्या आतील भागात लावण्याचा त्यांचा उपाय १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे छायाचित्रकार ज्या बुरशीशी जन्मभर झुंजत होते, तिच्यासाठी प्रयोगशाळेची दारे तोफांच्या नेमावर आच आल्यावरच पुरती उघडली.

आजही कोकणात किंवा मुंबईत कॅमेरा बाळगणारे लोक जून लागताच भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी एकेक भिंग उजेडासमोर धरून आत कोठे पांढरा तंतू तर दिसत नाही ना, हे पाहतात.