विसरलेला पासपोर्ट आणि गंजलेलं कुंपण

आजचा एपिसोड एका बसप्रवासाचा आहे. आणि सुरुवातीलाच कबूल करतो, यातला मूर्ख मीच आहे.

२०१८ चा मे महिना. बीटेकचं तिसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. कॉलेजची ग्रुप टूर, दोन बसेस, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. त्या दिवशी व्हिएन्नाहून बुडापेस्टला जायचं होतं, साधारण २४० किलोमीटर. म्हणजे पुणे-कोल्हापूरपेक्षा थोडंच जास्त. सकाळी ब्रेड-जॅम खाऊन आमची पहिली बस निघाली. बाहेर सपाट शेतं आणि नजर जाईल तिथे पवनचक्क्या. मागच्या सीटवर अंताक्षरी सुरू. तासाभराने मी सहज सॅकच्या आतल्या कप्प्यात हात घातला, आणि पोटात गोळाच आला. पासपोर्ट नव्हता. रात्री हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवलेला, तिथेच राहिला.

मॅडमना सांगायला पुढे गेलो तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता, ‘हंगेरीत स्वागत’. मी खिडकीबाहेर बघितलं. टोलनाक्यासारखी मोठमोठी छपरं, रिकाम्या केबिन, आणि आमची बस जरा हळू होऊन सरळ पुढे. कोणी थांबवलं नाही, कोणी आत आलं नाही. देश बदलला हे मला टेलिकॉम कंपनीकडून कळलं!

मॅडम जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. सुदैवाने दुसरी बस अजून हॉस्टेलच्या दारात होती, रूममेटने लॉकर उघडून घेतला आणि दुपारी बुडापेस्टमध्ये पासपोर्ट माझ्या हातात आला. पण ती रिकामी छपरं काही डोक्यातून जाईनात. घरी आल्यावर वाचायला लागलो, आणि समजलं की मी ज्या जागेवरून कागदाशिवाय झोकात निघून गेलो, तिथे एकेकाळी माणसं जिवावर उदार होऊन धावत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी सोव्हिएत रशियाच्या पंखाखाली गेला आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर काटेरी तारा आणि सुरुंग आले. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले आणि उठाव चिरडला गेला. पुढच्या काही महिन्यांत सुमारे २ लाख लोक देश सोडून गेले, बहुतेक ऑस्ट्रियामार्गे. अंडाऊ गावाजवळ कालव्यावर एक साधा लाकडी पूल होता. त्या पुलावरून अंदाजे ७० हजार माणसं पलीकडे गेली. २१ नोव्हेंबरला तो पूल उडवून दिला. त्यांत आमच्याच वयाचे, कॉलेजात शिकणारे पुष्कळ होते. त्यांच्या सॅकमध्ये काय असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो.

पुढे सुरुंग काढले आणि त्यांच्या जागी विजेची इशारा यंत्रणा आली. कमी दाबाच्या तारा, कोणी स्पर्श केला की चौकीत अलार्म. आता माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला गंमत वाटेल असा भाग ऐका. ऐंशीच्या दशकापर्यंत ही सिस्टिम गंजली होती. ससा आला, हरीण आलं, की अलार्म. सैनिक दर वेळी धावत जाणार आणि हात हलवत परत येणार. ज्यांनी रात्री दोन वाजता सर्व्हरचे खोटे अलर्ट झेलले आहेत, त्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीला भरपूर पैसे लागणार होते. त्यात १९८८ पासून हंगेरियन नागरिकांना जगात कुठेही जाता येईल असा पासपोर्ट मिळू लागला होता. मग हे कुंपण अडवत कोणाला होतं? मुख्यतः पूर्व जर्मनीसारख्या दुसऱ्या देशांच्या लोकांना. नोव्हेंबर १९८८ मध्ये पंतप्रधान झालेल्या मिक्लोश नेमेथ यांनी बजेटमधला कुंपणाचा खर्चच उडवला. २ मे १९८९ ला कुंपण काढायला सुरुवात झाली. २७ जूनला दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, ग्युला हॉर्न आणि आलोइस मोक यांनी, कॅमेऱ्यांसमोर तार कापली. तोवर बरंचसं कुंपण आधीच निघालं होतं, पण फोटो जगभर गेला.

तो फोटो पूर्व जर्मनीतही पोहोचला. सुट्टीच्या निमित्ताने हजारो लोक हंगेरीत येऊन थांबले. १९ ऑगस्टला शोप्रोन शहराजवळ सीमेवरच एक सहल ठरली, ‘पॅन-युरोपियन पिकनिक’. एक जुनं फाटक तीन तासांसाठी उघडायचं, दोन्हीकडच्या पाहुण्यांनी भेटायचं, एवढाच कार्यक्रम. पण फाटकाकडे शेकडो पूर्व जर्मन चालत आले, कडेवर मुलं घेऊन.

तिथे ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल आर्पाद बेला. हाताखाली मोजकी माणसं, वरून स्पष्ट आदेश नाही. नियमाप्रमाणे अडवायला हवं होतं, आणि अडवायचं म्हणजे शेवटी गोळीबार. त्यांनी गोळी चालवली नाही. ऑस्ट्रियाकडून येणाऱ्यांचे पासपोर्ट तपासत राहिले, आणि दुसऱ्या बाजूने माणसं जाऊ दिली. त्या दिवशी सुमारे ६०० जण पलीकडे गेले.

सगळीकडे असं झालं नाही. दोनच दिवसांनी याच सीमेवर एका पूर्व जर्मन माणसाचा सैनिकाशी झटापटीत गोळी लागून मृत्यू झाला. मग ११ सप्टेंबरला हंगेरीने पूर्व जर्मनांसाठी सीमा अधिकृतपणे उघडली, आणि ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली. हंगेरी शेंगेनमध्ये आला २१ डिसेंबर २००७ ला. म्हणून माझी बस थांबली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. विमान व्हिएन्नाहून होतं, म्हणून दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परत आलो. या वेळी बस थांबली. ऑस्ट्रियन पोलीस आत चढले आणि एकेकाचा पासपोर्ट बघू लागले. कारण २०१५. सीरिया आणि अफगाणिस्तानातून आलेले निर्वासित त्या सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून याच महामार्गाने ऑस्ट्रियाकडे पायी निघाले होते. त्याच महिन्यात ऑस्ट्रियाने ही तपासणी पुन्हा सुरू केली आणि पुढे मुदत वाढवत नेली. हंगेरीने तर सर्बियाच्या सीमेवर नवं कुंपण उभारलं. २६ वर्षांपूर्वी कुंपण कापणारा देश तोच.

माझी पाळी आली. पोलिसाने फोटो बघितला, मला बघितलं, पासपोर्ट परत दिला. चार सेकंद लागली असतील. जाताना कोणी विचारलं नाही म्हणून मी सुटलो होतो. येताना पासपोर्ट हातात होता, तरी तळहाताला घाम फुटला होता.

तुम्हीही अशी एखादी सीमा ओलांडली असेल तर मला नक्की सांगा. आणि हो, लॉकर सोडताना एकदा आत हात घालून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!